नव्या फिशटँकचं पाणी सारखं पांढरट होतंय, काय करू?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: ऐरोलीत घर, दोन फुटी नवी टाकी, टॉप फिल्टर, चार गोल्डफिश. चौथ्या दिवशी पाणी पांढरट झालं. तुम्ही तीन वेळा मासे बादलीत काढून, खडे घासून, सगळं पाणी बदललंत आणि दर वेळी दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच. दुकानदार निळं औषध टाका म्हणतो, सासूबाई तुरटी फिरवा म्हणतात.

दोन्ही नको. आणि टाकी चौथ्यांदा धुऊही नका. तीनदा पाणी पांढरं झालं ते टाकी तीनदा धुतली म्हणूनच. कसं ते सांगतो, पण आधी एक खात्री करून घ्या.

साध्या काचेच्या ग्लासात टाकीतलं पाणी घ्या आणि मागे कोरा कागद धरा. हिरवट दिसलं तर ते शेवाळ, म्हणजे उजेड जास्त होतोय. टाकी खिडकीपासून हलवायची आणि दिवा दिवसाला सहा-आठ तासच लावायचा. चहासारखा रंग आला तर शोभेच्या लाकडातून उतरलेला आहे, माशांना त्याचा त्रास नाही. पाणी भरल्या भरल्या गढूळ झालं असेल तर खडे नीट धुतले गेले नव्हते, धूळ एक-दोन दिवसांत खाली बसते. नळाला दाब जास्त असला की पाण्यात बारीक हवाही असते, ती तासाभरात निघून जाते. तुमचं यातलं काहीच वाटत नाही. नवी टाकी, तिसरा-चौथा दिवस आणि दुधाळ पाणी, हे बॅक्टेरिया आहेत.

घाबरण्यासारखे नाहीत. उरलेले दाणे आणि माशांची विष्ठा खाऊन जगणारे हे बॅक्टेरिया सगळीकडेच असतात. नव्या टाकीत त्यांना स्पर्धक नसतो, खाणं भरपूर असतं, आणि तासाभरात ते दुप्पट होऊ शकतात. इतके वाढतात की पाणी पांढरं दिसायला लागतं. खाणं संपलं की आपोआप कमी होतात.

खरी काळजी डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, कुजणाऱ्या दाण्यांतूनही तो तयार होतो, आणि तो त्यांना विषारी आहे. जुन्या टाकीत काही वेगळे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच; नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात मासे सहन करतात. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या कामासाठी नायट्रोबॅक्टरचं नाव असतं. १९९० च्या दशकात तपासलं तेव्हा गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतात असं दिसलं. नाव सोडा, मुद्दा हा की ही मंडळी फार सावकाश वाढतात. त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि ती पाण्यात तरंगत नाहीत, फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. तुम्ही खडे घासता, स्पंज नळाखाली पिळता, तेव्हा नेमकी तीच धुऊन जातात. पांढरं पाणी करणारे मात्र नव्या पाण्यात लगेच हजर.

तेव्हा आता करायचं ते फारसं काही नाही, आणि तेच लोकांना जमत नाही. फिल्टर चोवीस तास चालू. रात्री आवाज होतो म्हणून बंद करायचा नाही. टाकीत एअर पंप नसेल तर आजच आणा, कारण वाढलेले बॅक्टेरिया ऑक्सिजनही खातात आणि आपल्याकडच्या उकाड्यात पाण्यात तो मुळात कमी राहतो. मासे सारखे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय किंवा अमोनिया वाढलाय. त्या दिवशी वाट न बघता पाव भाग पाणी बदला. एरवी एक दिवसाआड पाव भाग. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत काठोकाठ भरलं तर ५६ लिटर मावतं, खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता ४५ धरा, म्हणजे पाव भाग साधारण ११ लिटर. नळीने तळाजवळचं पाणी ओढून काढायचं, खड्यांत अडकलेले दाणे त्याबरोबर निघतात. अमोनिया मोजायचं थेंबांचं किट मिळतं. ते महाग वाटलं तरी शोभेच्या किल्ल्यापेक्षा आधी घ्यावं असं माझं मत आहे.

आता नवं पाणी कुठलं, हे आपल्याकडे जरा बघावं लागतं. ऐरोलीला नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी येतं. पाणी चांगलं आहे, पण पिण्याचं म्हणजे क्लोरीन घातलेलं, आणि पावसाळ्यात तो वास जास्तच जाणवतो. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि चांगले बॅक्टेरियाही मारतो. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं तरी बराचसा उडून जातो, घाई असेल तर अँटिक्लोरिनचे थेंब, बाटलीवर लिहिलेत तेवढेच. सोसायटीची टाकी धुण्याची नोटीस लागली की आदल्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा. धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात आणि पुढचे एक-दोन दिवस नळाच्या पाण्याचा भरवसा नसतो.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर सुरू होतात. टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं असतं, म्हणजे धरणाच्या पाण्यापेक्षा बरंच जड. आज महापालिकेचं, उद्या टँकरचं असं अर्धी-अर्धी टाकी बदलत गेलं तर मासे त्या फरकानेच मलूल होतात. तुमच्याकडेही टँकर येत असेल तर त्या दिवसांत पाणी थोडं थोडंच बदला.

वाट बघण्याचा काळ कमी करायचा एक मार्ग आहे. ओळखीत कुणाकडे सहा महिन्यांची तरी निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. विरजण लावण्याचाच प्रकार. तुकडा त्यांच्याच टाकीतल्या पाण्यात, पिशवीत घालून आणायचा आणि त्याच दिवशी लावायचा. वाळला की उपयोग नाही. मात्र त्यांच्याकडे गेल्या काही आठवड्यांत मासे आजारी पडले असतील तर नको. पुढे स्पंज धुवायची वेळ आली की टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा, तोही महिन्यातून एकदा, फिल्टरची धार कमी झाल्यावर.

निळं औषध म्हणजे बहुधा मेथिलीन ब्लू. ते बुरशीवर, वेगळ्या बादलीत आजारी माशासाठी ठीक आहे. मुख्य टाकीत घातलं तर जे बॅक्टेरिया जमवायचेत त्यांनाच मारतं, वर काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. तुरटीने पाणी निवळतं हे सासूबाईंचं म्हणणं खरंच आहे, पण ते हंड्यातल्या पाण्यापुरतं. टाकीत तुरटीने पाण्याची आम्लता वाढते. आपलं धरणाचं पाणी मऊ, त्यात हा बदल पटकन होतो आणि मासे तो सोसत नाहीत.

मग खाणं. माझ्या मते पांढऱ्या पाण्याच्या दहापैकी आठ घरांत दोष डब्यातल्या दाण्यांचा असतो. गोल्डफिश काचेशी येऊन तोंड हलवतो, त्याला कायमच भूक असते, आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण चिमूटभर टाकतो. मुलगा शाळेतून आला की एक चिमूट, आजोबा फेरफटका मारून आले की एक चिमूट, पाहुण्यांच्या पोरांना गंमत म्हणून मूठभर. पाणी पांढरं आहे तोवर एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल इतकंच. त्यानंतरही दिवसातून एकदा पुरे. डबा एकाच माणसाच्या ताब्यात द्या आणि तो कपाटात ठेवा, फ्रिजवर नको.

चार गोल्डफिश हेही सांगायलाच हवं. दुकानात ते बोटाएवढे असतात, पण फॅन्सी जातीचेही १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतात, नीट ठेवले तर दहा वर्षं जगतात, आणि घाण भरपूर करतात. ४५ लिटरमध्ये चार म्हणजे फिल्टर कायम मागे पडणार. दोन परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. पाणी स्थिर होईपर्यंत नवा मासा तर अजिबात आणू नका, दुकानदार ‘टाकी साफ करणारा’ म्हणून काळा सकर देईल तोही नाही. तो विष्ठा खात नाही, उलट स्वतः करतो, आणि वाढला की फूटभराचा होतो.

हे सगळं पाळलंत तर पांढरेपणा साधारण आठवडा-दहा दिवसांत जाईल. पाणी स्वच्छ दिसलं म्हणून लगेच दाणे वाढवू नका, अमोनिया आणि नायट्राइट किटवर शून्य येईपर्यंत थोडं पाणी बदलत राहा. आणि गणपतीला गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे डबा देऊन जाऊ नका. मोठे, निरोगी मासे पाच दिवस उपाशी आरामात राहतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर एकेका वेळचे दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून द्या आणि दोन दिवसांनी एक पुडी असं सांगा.