आधी दाढ, मग कर्ज

घरचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या घराच्या कर्जाला पाच वर्षं झाली. कर्ज वीस वर्षांचं आहे, पण यांनी गेल्या वर्षापासून ठरवलंय की दहा वर्षांत मोकळं व्हायचं. ‘ऋणाचा आणि आगीचा शेष ठेवू नये’ हे त्यांचं पालुपद. कपाटाच्या दाराला आतून चौकटींचा कागद चिकटवलाय, जास्तीचे पैसे भरले की एक चौकट रंगवतात. बोनस त्यात, माझ्या शिकवण्यांचे पैसे त्यात, जुनी सायकल विकली तेही त्यात. कर्ज मलाही नकोच आहे. पण माझ्या दाढेचं रूट कॅनाल वर्षभर ‘पुढच्या महिन्यात’ आहे. मला मातीकाम शिकायचंय, त्याचे वर्ग दोनदा सुरू होऊन संपलेसुद्धा. मुलीला पोहायला घालायचंय. विषय काढला की हे शांतपणे वाचणाऱ्या व्याजाचा आकडा दाखवतात, आणि मलाच आपण उधळ्या आहोत असं वाटायला लागतं. कोणाचं बरोबर?
— चौकटीबाहेरची

उत्तर : आधी दाढेचं बघा. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि खर्च कर्जात जाणाऱ्या जास्तीच्या पैशांतून करा. आज रूट कॅनालवर भागतंय, ते लांबवलं तर दाढ काढून नवी बसवण्यापर्यंत जातं. त्या हिशेबात जी वाढ होते तिच्यापुढे तेवढ्या पैशांवर वाचणारं गृहकर्जाचं व्याज काहीच नाही. हे माझं नाव सांगून त्यांना वाचून दाखवा.

आता त्यांची बाजू, कारण ती लंगडी नाही. मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आहे. परतफेडीचं वेळापत्रक पहिल्यांदा नीट वाचणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. तुम्ही आकडे लिहिले नाहीत, म्हणून मी ३० लाख, ८ टक्के, वीस वर्षं असं धरते. चलन तुमचं तुम्ही घाला. हप्ता येतो २५,०९३. पहिल्या हप्त्यातले २०,००० व्याजात जातात, मुद्दल कमी होतं फक्त ५,०९३ ने. पाच वर्षांत पंधरा लाख भरून होतात आणि मुद्दल खाली येतं पावणेचार लाखांनी. निम्मं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षं लागतात. हे कळल्यावर माणूस चौकटी रंगवायला लागला तर नवल नाही.

पण या वेळापत्रकातून एक चुकीची समजूतही निघते. पाच वर्षांनंतर एकरकमी ३ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे जवळजवळ ३५ हप्ते गळतात आणि व्याजाचे सुमारे ५ लाख ८० हजार वाचतात. तेच ३ लाख पंधरा वर्षांनंतर भरले तर वाचतात सव्वा लाखाच्या आसपास. यावरून लोक म्हणतात, बघा, जे काय भरायचं ते आत्ताच, नंतर अर्थ नाही. अहो, टक्का दोन्हीकडे तोच आहे, आठ. एकीकडे ते पैसे जास्त वर्षं तुमच्यासाठी राबले, दुसरीकडे कमी. बँक सुरुवातीला जादा दराने व्याज घेत नसते. मुद्दल मोठं असतं म्हणून व्याज मोठं दिसतं, एवढंच. म्हणजे जास्तीचा हप्ता भरणं ही एक ठेव आहे, कर्जाच्या दराने परतावा देणारी आणि बिनधोक. ठेव म्हणून ती चांगली आहेच (व्याजावर करसवलत मिळत असेल तर तेवढी वजा करून). फक्त ती मोडता येत नाही.

माझ्या टेबलासमोर बसून ‘गेल्या वर्षी जे जास्तीचे भरले, त्यातले थोडे परत मिळतील का’ असं विचारणारे बरेच जण येत. कोणाची नोकरी गेलेली, कोणाकडे ऑपरेशन निघालेलं. साध्या कर्जात ते पैसे परत मिळत नाहीत. मिळतं ते बहुधा नवं वैयक्तिक कर्ज, गृहकर्जापेक्षा बऱ्याच चढ्या दराने. आणि त्याहून कडू गोष्ट म्हणजे, तुम्ही अर्धं कर्ज आधीच फेडलेलं असलं तरी पुढच्या महिन्याचा हप्ता चुकत नाही. हप्ता तोच ठेवला असेल तर जास्तीचे पैसे शेवटच्या टोकाचे हप्ते कमी करतात, जवळचा एकही नाही. तेव्हा ज्या घरात सगळी शिल्लक कर्जात जाते, ते घर कागदावर श्रीमंत होत जातं आणि खात्यात कोरडं. तुमच्या पत्रात बोनस आहे, शिकवण्या आहेत, सायकल आहे, पण बाजूला ठेवलेल्या पैशांचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. तो असेल तर उत्तम. नसेल तर पुढच्या सगळ्या चौकटी थांबवून आधी किमान सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, हाताशी येईल अशा खात्यात ठेवा.

आता दहा वर्षांचं खूळ. खूळ म्हणते, कारण हा आकडा त्यांनी गोल आहे म्हणून धरला असावा असा माझा संशय आहे. माझ्या उदाहरणात पाच वर्षांनंतर २६ लाख २६ हजार शिल्लक राहतात. ते कर्जाच्या दहाव्या वर्षाअखेर संपवायचे तर महिन्याला ५३,२०० च्या वर भरावे लागतात, म्हणजे हप्त्याच्या दुपटीहून जास्त. बारा वर्षांत संपवायचे तर ४०,९००. पंधरा वर्षांत, ३१,९०० च्या आत. पुन्हा वाचा: वीसवरून पंधरावर यायला महिन्याला पावणेसात हजार जास्तीचे लागतात आणि व्याज वाचतं जवळजवळ सात लाख. बारावरून दहावर यायला महिन्याला आणखी बारा हजारांवर लागतात आणि व्याज वाचतं अडीच लाखांहूनही कमी. पहिली वर्षं स्वस्तात कमी होतात, शेवटची दोन फार महाग पडतात. त्या दोन वर्षांची किंमत तुमच्या घरात कोण देतंय ते तुमच्या पत्रातच आहे. तुमची दाढ, तुमची माती आणि मुलीचं पोहणं.

तुमच्या घरात थोडी फेड आधीच झालीय, त्यामुळे तुमचे खरे आकडे याहून बरे असतील. बँकेकडून आजच्या शिल्लक मुद्दलाचं वेळापत्रक मागवा आणि दोघं एका टेबलाशी बसा. एका कागदावर कर्ज सोडून बाकीच्या इच्छा लिहा, आणि प्रत्येकीपुढे हिला तारीख आहे का ते लिहा. मुलीला लहान वयात पोहायला शिकणं सोपं, पंधराव्या वर्षी ती तुमच्याबरोबर तलावावर येईलच असं नाही. त्याला तारीख आहे. दाढेला तर कालची तारीख होती. मातीकामाला तारीख नाही असं तुम्हीच म्हणाल, कारण आपल्या आवडीला तारीख नसते असं बायका फार पटकन मान्य करतात. त्याला तारीख द्या: पुढचा वर्ग सुरू होईल तो दिवस. कर्जाला स्वतःची तारीख आहेच, ती बँकेने छापून दिली आहे आणि तोवर थांबायला बँक आनंदाने तयार आहे. तारीख असलेल्या गोष्टींचे पैसे दरमहा आधी बाजूला पडू देत, उरेल ते कर्जात. माझ्या मते तुम्ही चौदा वर्षांच्या आसपास येऊन थांबाल आणि ते झकास आहे.

शेष ठेवू नये म्हणणाऱ्या पूर्वजांबद्दल आदर आहे. त्यांना घर वीस वर्षं वापरता वापरता फेडायची सोय मात्र कोणी दिली नव्हती. आणि शिकवण्यांचे पैसे तुमचे आहेत. ते कर्जात घालायचे का, हा प्रश्न आधी तुम्हाला विचारला जायला हवा होता. तो चौकटींचा कागद काढू नका, त्यांना त्यातून आनंद मिळतोय. त्याच्या शेजारी दुसरा लावा.

प्रश्न : मी व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. कधी महिन्यात तीन महिन्यांचे पैसे येतात, कधी दोन महिने शुकशुकाट. आता एक मोठं बिल सुटलंय. बँक विचारते, रक्कम भरल्यावर मुदत कमी करू की हप्ता? सगळे मित्र म्हणतात मुदतच कमी कर, हप्ता कमी करणं मूर्खपणा. तुमचं मत?
— एकटा कमावता

उत्तर : मित्र पगारदार दिसतात.

वरच्याच उदाहरणात ३ लाख भरून मुदत तीच ठेवली, तर हप्ता २५,०९३ वरून २२,२२६ वर येतो आणि व्याज वाचतं सुमारे २ लाख १६ हजार. मुदत कमी केली तर ५ लाख ८० हजार. म्हणून मित्र ओरडतायत. पण हा फरक का पडतो? हप्ता कमी केल्यावर दरमहा २,८६७ तुमच्या खिशात राहतात आणि ते तुम्ही खर्च करून टाकाल असं हिशेबात धरलेलं असतं. तुम्ही तेच २,८६७ दर महिन्याला जास्तीचे म्हणून भरत राहिलात, तर कर्ज त्याच सुमाराला संपतं आणि व्याजही तेवढंच वाचतं. फरक इतकाच की शुकशुकाटाच्या महिन्यात तुमच्यावर २२,२२६ चंच बंधन असतं, पंचवीस हजारांचं नाही. तुमच्यासारख्या कमाईला हे बंधन कमी होणं फार मोलाचं आहे. तेव्हा हप्ता कमी करा आणि चांगल्या महिन्यांत जुना हप्ता भरा. आधी एवढं विचारून घ्या की छोट्या रकमा आगाऊ भरायला शुल्क आहे का आणि किमान रकमेची अट आहे का. स्वतःवर भरवसा नसेल, तर मात्र मित्रांचं ऐका. मी हे टोमण्याने म्हणत नाही, बऱ्याच जणांना सक्तीच मानवते.

आणि सगळं बिल कर्जात घालू नका. पगारदाराला मी सहा महिन्यांचा खर्च सांगते, तुम्हाला नऊ ते बारा. बचत खातं कर्जाला जोडून देणारी योजना तुमच्या बँकेत असेल तर तिची चौकशी करा. ऑस्ट्रेलियात अशी खाती पुष्कळ वापरात आहेत, ब्रिटनमध्येही मिळतात, भारतातही काही बँका ओव्हरड्राफ्टच्या (ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे उचलता येणाऱ्या खात्याच्या) रूपात ती देतात. त्या खात्यात जेवढे पैसे पडून असतील तेवढ्या मुद्दलावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की काढता येतात. मघाशी म्हटलं ना, ठेव मोडता येत नाही, त्यावर हा उपाय आहे. बहुधा दर थोडा जास्त असतो. खात्यात फारसं काही राहणार नसेल तर त्या जास्तीच्या दराचे पैसे फुकट जातात, म्हणून आधी स्वतःची गेल्या वर्षाची शिल्लक बघा.

प्रश्न : कर्ज लवकर फेडलं तर दंड बसतो म्हणे. खरं का? आणि पूर्ण फिटल्यावर काही करायचं राहतं का?
— उत्सुक

उत्तर : देश आणि कर्जाचा प्रकार यांवर ठरतं. भारतात बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकांनी असा दंड घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितलं. जर्मनीत ठरावीक दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक भरपाई मागू शकते, मात्र पूर्ण रक्कम उचलल्याला दहा वर्षं झाली की सहा महिन्यांची नोटीस देऊन बिनदंड मोकळं होता येतं. कॅनडात बऱ्याच कर्जांत दरवर्षी मूळ रकमेच्या काही टक्क्यांपर्यंत भरायला मुभा असते, त्यापुढे दंड. साधारण तर्क असा की दर ठरावीक असेल तर तुम्ही लवकर गेल्याने बँकेचं नुकसान होऊ शकतं, म्हणून ती पैसे मागते. तुमच्या करारात ‘मुदतपूर्व परतफेड’ या मथळ्याखाली काय आहे ते शोधा. दंड असेल तर तो वाचणाऱ्या व्याजातून वजा करा, पुष्कळदा तरीही फायदा उरतो.

फिटल्यावर मात्र काम राहतं, आणि आनंदाच्या भरात लोक तेच विसरतात. बँकेकडून ‘काही येणे नाही’ असा दाखला घ्या. गहाण ठेवलेली मूळ कागदपत्रं यादीशी ताडून, पान न् पान मोजून ताब्यात घ्या. घराच्या सरकारी नोंदीवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवून घ्या, नाहीतर विकायच्या वेळी तो निघतो आणि तोवर त्या शाखेतलं कोणी ओळखीचं उरलेलं नसतं. हप्त्याची खात्यातून आपोआप होणारी वजावट बंद झाली का ते पुढच्या महिन्यात पाहा. कर्जाबरोबर विमा घेतला असेल, तर त्याचा उरलेला हप्ता परत मिळतो का तेही विचारा. न विचारता कोणी देत नाही.