लीड्समध्येच मुक्काम ठेवा, आणि आईंनी चिप्स खाण्याआधी एक प्रश्न विचारा

तुम्ही लिहिलंय की आईबाबा सप्टेंबरात आठ दिवसांसाठी लीड्सला तुमच्याकडे येताहेत. लंडन आणि एडिंबरा त्यांचं आधीच झालंय, आई पूर्ण शाकाहारी, बाबांना संध्याकाळी एखादी बिअर चालते. आणि ऑफिसातले लोक म्हणताहेत की इंग्लंडच्या उत्तरेत बघण्यासारखं काही नाही. मी या भागात १९ वर्षं राहते आहे, माझे स्वतःचे आईबाबा तीनदा येऊन गेले. ऑफिसातल्यांचं अजिबात ऐकू नका.

मुक्काम हलवू नका. लीड्सहून यॉर्क पंचवीस मिनिटं, ब्रॅडफर्ड वीस, मँचेस्टर साधारण तासभर, लिव्हरपूल आणि न्यूकासल दीड-पावणेदोन तास. रोज सकाळी पोहे खाऊन निघायचं, रात्री घरी वरणभाताला परत. दोघं साठीच्या पुढचे असतील तर सीनिअर रेलकार्ड काढा, नसतील तर टू टुगेदर, म्हणजे दोघांनी मिळून वापरायचं कार्ड. दोन्हींत तिकिटाचा तिसरा हिस्सा वाचतो. टू टुगेदर सोम ते शुक्र साडेनऊच्या आधी चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

ही शहरं राजेरजवाड्यांनी बांधलेली नाहीत. कापूस, लोकर, पोलाद आणि गोद्यांनी बांधली. त्यामुळे इथे महाल शोधायचे नाहीत, इथे ग्रंथालयं, मंडया आणि पब बघायचे. गिरणीचा पैसा आणि गिरणीतल्या माणसांचा घाम जिथे मुरला ते हेच. मुंबईचं गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. माझ्या बाबांना कळलं.

मँचेस्टरला डीन्सगेटवरची जॉन रायलँड्स लायब्ररी चुकवू नका. रायलँड्स हा कापडाचा बडा व्यापारी. १८८८ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, एनरिकेटाने, त्याच्या स्मरणार्थ हे ग्रंथालय बांधायला घेतलं आणि १९०० मध्ये ते वाचकांना खुलं झालं. बाहेरून चर्चसारखं दिसतं, आत उंच कमानी, दोन्ही बाजूंना पुस्तकांचे कोनाडे आणि हॉलच्या दोन टोकांना नवराबायकोचे पुतळे, एकमेकांकडे तोंड करून. तिथे जपलेला बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा तुकडा तळहाताहून लहान आहे. प्रवेश फुकट, पण रोज उघडी नसते, वेळ बघून जा.

तिथून पंधरा मिनिटांवर चेटम्स लायब्ररी आहे, १६५३ ची. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स जिथे बसून वाचत ते खिडकीतलं टेबल आजही आहे. पुढे एंगल्सने मार्क्सला लिहिलेल्या पत्रात त्या रंगीत काचेची आठवण काढली आहे, की त्या काचेमुळे तिथे बाहेरची हवा कायम छानच वाटायची. मँचेस्टरच्या पावसात उभं राहिलं की हे वाक्य पटतं. आणि चेटम्सच्या जवळच, कॅथीड्रलबाहेर, गांधीजींचा पुतळा आहे. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला आले होते. स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडावर घातलेल्या बहिष्काराने ज्यांचं काम गेलं होतं त्याच कामगारांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. त्या कामगारांबरोबरचा त्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. ते गाव इथून जवळ आहे हे कळल्यावर माझे बाबा पुतळ्यापाशी बराच वेळ उभे राहिले.

बाबा विदर्भातले असतील तर लिव्हरपूलला नक्की न्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद झाला. लँकेशायरमध्ये गिरण्या थांबल्या, लोक उपाशी राहिले आणि लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाचे भाव चढले. अमरावती आणि हिंगणघाट ही नावं तिथल्या दलालांच्या दरपत्रकात असायची. इथले विणकर मात्र हिंदुस्थानी कापसावर नाखूश होते, धागा आखूड आणि सारखा तुटायचा. नदीकाठच्या अल्बर्ट डॉकला जाऊन हे सांगा, मग त्या विटांच्या गोदामांकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो. नंतर होप स्ट्रीट या एकाच रस्त्याच्या दोन टोकांची दोन कॅथीड्रल बघा आणि मधल्या फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स या पबमध्ये बसा. नक्षीचं लाकूड, तांबं, रंगीत काचा. हवेलीत बसल्यासारखं वाटतं. स्काउस हा तिथला बटाटा-गाजराचा रस्सा मटण किंवा बीफ घालून करतात. बिनमांसाचा असेल त्याला ब्लाइंड स्काउस म्हणतात. आईंसाठी तो मागा, सोबत लाल कोबीचं लोणचं येतं.

आता खाण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला यॉर्कशायरमधल्या एका छोट्या गावात चिप्पीत नेलं. चिप्पी म्हणजे मासे आणि चिप्स तळून देणारं दुकान. बाहेर थंडी, हातात कागदात बांधलेले गरम चिप्स, वर मीठ आणि व्हिनेगर. आई खूश होती. अर्धे संपल्यावर माझी नजर काउंटरमागच्या पाटीवर गेली: इथले सगळे पदार्थ बीफ ड्रिपिंगमध्ये तळलेले आहेत. म्हणजे गाईची चरबी. ती पाटी लपवलेली नव्हती, मीच वाचली नव्हती. आईने पुडी खाली ठेवली, काही बोलली नाही, घरी येऊन आंघोळ केली आणि रात्री जेवली नाही. ते मला आजही लागून राहिलंय. म्हणून कळकळीने सांगते, यॉर्कशायरमध्ये कुठल्याही चिप्पीत आधी विचारा, ‘ड्रिपिंग की ऑइल?’ इकडे ड्रिपिंगची पद्धत जुनी आहे आणि लोकांना तिचा अभिमान आहे, विचारलं तर सरळ सांगतात. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत. ग्रेव्ही मांसाचीच समजा. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतं आणि तेही बरेचदा ड्रिपिंगमध्येच भाजतात. मशी पीज मात्र बहुतेक ठिकाणी चालतील: सुके वाटाणे सोडा घालून रात्रभर भिजवून गाळ शिजवलेले. तिखट नसलेली रगड्याची बहीण.

मँचेस्टरला पावाला बार्म म्हणतात आणि चिप्स भरलेला चिप बार्म मिळतो. तेलात तळलेला असेल तर आईंना द्या आणि पर्समधली लसणाची चटणी भुरभुरा. दादरला उभं राहून खाल्ल्यासारखं वाटेल. खरा वडापाव हवा असेल तर लीड्स स्टेशनजवळ मिल हिलवर बंदोबस्त नावाचं ठिकाण आहे, २०१४ पासून. गुजराती वळणाचं पूर्ण शाकाहारी खाणं आणि सोबत चांगल्या बिअर. आईबाबा दोघंही एकाच टेबलावर समाधानाने बसतील अशी जागा मला दुसरी सापडली नाही. पहिल्या संध्याकाळी तिथेच न्या.

बाबांना दुसऱ्या संध्याकाळी ब्रिगेटजवळच्या बोळात व्हाइटलॉक्सला न्या. १७१५ पासूनचा पब, अरुंद, आरसे आणि पितळ लखलखतं. टेबलावर बसून वाट बघू नका, कोणी विचारायला येत नाही. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी कोणाचा नंबर आधी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, घुसू नका. हातपंपाने ओढतात ती कास्क एल मागा, हाफ पाइंट. ती फ्रिजमधल्या बिअरसारखी गार नसते, गॅस कमी असतो. पहिल्या घोटाला फिकी वाटते, तिसऱ्याला धान्याची चव कळते. माझे बाबा पहिल्या दिवशी बर्फ मागत होते, आठवड्याने ब्रुअरीचं नाव विचारायला लागले.

ब्रॅडफर्ड आणि सॉल्टेअर एका दिवसात करा, सकाळी सॉल्टेअर. टायटस सॉल्टने १८५३ मध्ये गिरणी सुरू केली आणि भोवती कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं: घरं, शाळा, दवाखाना. पब मात्र त्याने येऊ दिला नाही. आपल्या चाळींशी तुलना करत त्या गल्ल्यांतून चाला. गिरणीत आता डेव्हिड हॉकनीची चित्रं आहेत, बघायला पैसे लागत नाहीत. दुपारी ब्रॅडफर्ड. मंगला धरणाने उठवलेले पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे लोक इथल्या लोकरीच्या गिरण्यांत आले. रात्रपाळीच्या माणसांसाठी सुरू झालेल्या खानावळीच पुढे इथली करी म्हणून प्रसिद्ध झाल्या. जुन्या ठिकाणी काटेचमचे देतच नाहीत, चपातीने हाताने खायचं. जेवण मुख्यतः मांसाहारी असलं तरी तडका डाळ आणि मिठाई आईंसाठी उत्तम.

यॉर्कबद्दल सगळे लिहितात, मी थोडंच सांगते. तटबंदीवरून चाला, फुकट आहे. मिन्स्टरला, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलला, तिकीट आहे, पण संध्याकाळच्या इव्हनसाँग प्रार्थनेला कोणीही बसू शकतं. त्या दगडी छताखाली गायकवृंदाचे सूर ऐकणं हे दुपारी फोटो काढत फिरण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. बाबांना रेल्वेची आवड असेल तर नॅशनल रेल्वे म्युझियम: १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम केलेलं मॅलार्ड इंजिन तिथलंच.

सप्टेंबर निवडलात हे फार चांगलं केलंत. त्या महिन्यात हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी बंद असलेल्या किंवा तिकीट लागणाऱ्या कितीतरी इमारती फुकट उघडतात. काहींना आधी नाव नोंदवावं लागतं, ऑगस्टमध्येच यादी बघून ठेवा.

शेवटचा दिवस न्यूकासलसाठी ठेवा. १८३५ च्या ग्रेंजर मार्केटमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरचं पेनी बझारच्या, म्हणजे सगळं एका पेनीला विकण्याच्या, काळातलं छोटं दुकान अजून आहे (कंपनीची सुरुवात मात्र लीड्सच्या कर्कगेट मार्केटमधली, १८८४ ची, तीही मंडई तुमच्या घराजवळच आहे). तिथे स्टॉटी घ्या, जाड, चपटा, चिवट पाव. त्याच्याबरोबर पीज पुडिंग खातात, म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरण. पारंपरिक पद्धतीत ते हॅमच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा इथेही आधी विचारून घ्या. बिनहॅमचं मिळालं तर डब्यात घेऊन खाली टाइनच्या काठावर या, मिलेनियम ब्रिजच्या समोर बसा, आणि आईंना घरून लिंबाची फोड आणायला सांगा. माझ्या आईने पहिला घास घेतला आणि विचारलं, ‘यात हिंग का नाही घालत गं हे लोक?’