ऊसतोड टोळीत राहताना नोंदी कधी आणि कशा घ्याव्यात?

प्रश्न असा आहे: "दोन महिने ऊसतोड कामगारांसोबत राहून सहभागी निरीक्षण करायचं आहे. नोंदी तिथल्या तिथे वहीत घ्याव्यात की मोबाईलवर रेकॉर्डिंग करावं?"

वही फडात, म्हणजे तोडीच्या उसात, नेऊ नका. मी नेली होती.

2018 च्या डिसेंबरात कराडजवळ पाटोद्याकडच्या एका टोळीसोबत होते. पहिल्याच सकाळी वही उघडली आणि मोळ्या बांधणाऱ्या बायका बोलायच्या थांबल्या. दुपारी एकीनं विचारलं, "ताई, माझा खाडा मांडला का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या ओळखीची वही एकच, टोळी आणणाऱ्या मुकादमाची. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे किती, फिटली किती, खाडे किती, सगळं तिच्यात. मग वही कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीतच ठेवली. पाणी प्यायला बाजूला गेलं की मोबाईलमध्ये चार-पाच शब्द टाकायचे आणि कितीही दमलात तरी त्याच रात्री सविस्तर उतरवायचं. उद्यावर ढकललंत की सांगणारीचे शब्द जातात, तुमचे उरतात.

हे रात्रीचं लिहिणं म्हणजे डेटाच आहे. माझ्या मार्गदर्शकांना ते कधीच पटलं नाही. प्रश्नावलीत "रोज किती तास काम करता?" असा प्रश्न होता. शेजारच्या कोपीतल्या बाईनं सांगितलं, दहा. मी तिच्यासोबत दिवस काढला होता. पहाटे 4 ला उठून पाणी, भाकऱ्या, लेकराचं आवरणं; 6 ते 4 फडात; परत आल्यावर 5 ते 7 पुन्हा चूल; 9 ला ट्रक आला की 11 पर्यंत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. सोळा तास झाले. चुलीचं आणि भरणीचं ती कामात धरतच नव्हती. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता, पैसे नवऱ्याच्या हातात, मग ती तरी कशाला धरेल? प्रबंधाच्या तक्त्यात दहाच राहिले. डायरीतलं सगळं "या गोष्टी झाल्या" म्हणून काढायला लावलं. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे दिंडीत चालल्या म्हणून एकाच दिंडीतल्या ब्राह्मण-मराठ्यांच्या वेगळ्या पंगती त्यांना खुपल्या. तेही गोष्ट म्हणून काढायचं का? मी तेव्हा गप्प बसले. तुम्ही बसू नका. तास, वेळ, जागा आणि कोण हजर होतं हे रोज लिहा, म्हणजे तुमच्या पानाला कोणी गोष्ट म्हणू शकणार नाही.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या रामपुरा गावावर तयार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती 1970 साली स्टॅनफर्डला एकाच आगीत गेल्या. त्यांनी पुढे आठवणीतून पुस्तक लिहिलं, म्हणून नोंदींवाचूनही भागतं असं सांगणारे भेटतील. ते लिहू शकले कारण त्या नोंदींवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. तुमच्या पानांचे फोटो दर आठवड्याला घरी पाठवा.

रेकॉर्डिंगचं राहिलंच. विचारून करा, चोरून कधीच नको. उचलीबद्दल बोलणं निघालं की परवानगी असली तरी बंद करा, कारण त्याचा त्रास तुम्हाला नाही, त्यांना होतो. प्रश्नावली टाकाऊ आहे असंही नाही, पण ती महिनाभर राहिल्यावर काढा. आणि वहीत खरी नावं लिहू नका. माझी वही एकदा मुकादमानं उचलून चाळली होती. आत फक्त क1, क2, क3 होतं.