अणुभट्टीच्या वाफेतून द्रवधातूचे थेंब कसे काढतात?

आधी एक घोळ मिटवू. टर्बाइनला जाणाऱ्या पाण्याच्या वाफेत धातूचे थेंब नसतातच. काही अणुभट्ट्यांत उष्णता वाहून न्यायला सोडियम हा धातू वितळवून वापरतात. सोडियम आणि पाणी एकत्र आलं तर भडका उडतो, म्हणून दोघांमध्ये पोलादी नळ्यांची भिंत असते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रासारख्या कोळशाच्या बॉयलरमध्ये वाफेतले थेंब काढतात, पण ते पाण्याचे.

धातूचे थेंब सापडतात ते वेगळ्या जागी. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अशा भट्टीत तापलेल्या सोडियमच्या वर आर्गॉन वायू भरलेला असतो. सोडियम उकळतं 883 अंशांना, तिथलं तापमान साधारण 550. तरी थोडी वाफ उठतेच आणि वर थंडाव्यात तिचं धुकं होतं. ते आर्गॉनच्या नळीत गेलं की गोठून बूच बसतं.

डिसेंबरात पहाटे पिंपळगावकडच्या द्राक्षबागेत गेलात तर मांडवाच्या तारेखाली धुक्याचे थेंब ओळीने लोंबताना दिसतील. युक्ती तीच. वायू आधी थंड करतात, मग स्टीलच्या बारीक तारेच्या विणलेल्या जाळीतून (भांड्यांची घासणी आठवा) नेतात. वायू वळणं घेत निसटतो, जड थेंब तारेवर आपटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि खाली टपकतात. अगदी बारीक कणांसाठी पुढे धातूचं सच्छिद्र फिल्टर.

खरी गोम तापमानात आहे. सोडियम 98 अंशांखाली गोठतं, म्हणजे जाळी फार थंड ठेवली तर तीच तुंबणार. त्यामुळे ती त्याहून गरम ठेवायची, म्हणजे पकडलेलं सोडियम पातळ राहून परत खाली वाहतं.