नाव लपवून लिहिलं, आता झोप लागत नाही

‘नाव न देता लिहिलं, यात चूक काय? आणि चूक नसेल तर भीती का वाटते?’ हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बऱ्याचदा येतो. त्यातली एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मालवणजवळच्या बंदरातला पंचविशीतला मुलगा. वडील दुसऱ्याच्या पर्ससीन (मासळीच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) बोटीवर खलाशी. यानं खोट्या नावानं इन्स्टाग्रामवर गावाचं पेज काढलं होतं. रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटींचे फोटो आणि वेळा तो त्यावर टाकायचा. एलईडी मासेमारीवर केंद्रानं 2017 मध्येच बंदी घातली. तरी दिवे दिसतात का, ते किनाऱ्यावर कुणालाही विचारा. रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, पेजवर खूश. पण त्या बोटींमध्ये वडिलांच्या मालकाचीही होती.

“ताई, माका झोप लागणा नाय. गावात कळला तर बापाशीक कोण बोटीर घेवचो नाय.”

मी पोस्ट दाखवायला सांगितल्या. एका ठिकाणी त्याचा अंगठा भराभर चालायला लागला. तिथंच थांबवलं. मालकाच्या मुलीचं लग्न मोडल्याची बातमी होती, खाली ‘कारण सगळ्यांना म्हायत आसा’ आणि हसणारा इमोजी. त्याखाली गावानं जे लिहिलं, ते इथं देण्यासारखं नाही.

“लोक बोलतच होते. मिया फकत टाकलंय.”

दिव्यांच्या पोस्टवर नाव नसणं मला योग्यच वाटतं, आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. ज्याच्या हातात घरची चूल, त्याच्याविरुद्ध नावानिशी बोल, असा सल्ला देणाऱ्याचं स्वतःचं काही जात नसतं. सरकारी नोकरीतले गोपाळ हरी देशमुख 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लिहीत होते, ते ‘लोकहितवादी’ या टोपणनावानंच. शिवाय फोटो आणि वेळ कुणालाही पडताळून बघता येते. मुलीच्या पोस्टमध्ये पडताळण्यासारखं होतं काय? ती उत्तर तरी कुणाला देणार? तिचं नाव, घर, चेहरा सगळं चव्हाट्यावर आणि बोलणारा पडद्याआड. राग मालकावरचा, निघाला तिच्यावर. वड्याचं तेल वांग्यावर.

जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं 2004 मध्ये लिहिलं होतं की, नाव-चेहरा झाकला की माणसाचा संकोच सुटतो, आणि त्यातून मनातलं खरंही बाहेर येतं, विषही. याच्या एकाच पेजवर दोन्ही होतं. म्हणून त्याची भीतीही दोन जातींची होती, आणि ती वेगळी करण्यातच आमच्या पहिल्या भेटी गेल्या. बापाची रोजी जाईल ही भीती खरी, तिच्यासाठी सावध राहायचं. दुसरी मात्र सावध राहून जाणारी नव्हती; त्या पोस्टचं काहीतरी करायलाच हवं होतं.

“मग पेजच बंद करू?” बहुतेक जण हेच विचारतात. पेज बंद झालं तरी स्क्रीनशॉट फिरतच राहतात. आधी त्याला वकिलाकडे पाठवलं. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा आहे, आणि खोट्या नावामागचा माणूस तपासात सापडू शकतो. मग ती पोस्ट काढून त्याच पेजवर, मुलीचं नाव पुन्हा न घेता, माफी टाकली. पहिल्या मसुद्यात अर्धा दोष कमेंट करणाऱ्यांवर होता. ती वाक्यं त्यानंच कुरकुरत खोडली.

दिव्यांचं प्रकरण त्यानं मच्छीमार सोसायटीकडे दिलं. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर मत्स्यव्यवसाय खात्याकडे गेला, त्यामुळे त्याचं नाव पुढे आलं नाही. कारवाईचं काय होईल ते खातं जाणे.

“तिका जावन सांगू?” असं त्यानं शेवटी विचारलं. मी म्हटलं, त्यानं तुझं ओझं उतरेल, तिच्या डोक्यावर चढेल. तुझं गुपित सांभाळायचं की गावाला सांगायचं, हा घोर तिला कशाला? पण तिनं किंवा तिच्या घरच्यांनी विचारलं, तक्रार केली, तर नाकारायचं नाही. याला हो म्हणायला त्याला बराच वेळ लागला.