म्युऑन अणूंचे क्ष-किरण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जड अणुकेंद्राचा आकार मोजायला म्युऑनच कशासाठी?

म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच ऋण प्रभाराचा कण, पण २०७ पट जड, म्हणून अणूत अडकल्यावर त्याची कक्षाही तितक्याच पटीने आत. शिशाचे केंद्र बिंदू मानले, तर त्याच्या सर्वांत आतल्या, म्हणजे १एस कक्षेची त्रिज्या सुमारे ३.१ फेम्टोमीटर येते (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख-कोटीवा भाग). खुद्द केंद्राची त्रिज्या जवळपास ७ फेम्टोमीटर! म्हणजे म्युऑन बराच काळ केंद्राच्या आतच वावरतो आणि तिथे त्याला पूर्ण प्रभाराची ओढ जाणवत नाही. म्युऑन वरच्या २पी पातळीवरून १एसवर उतरताना क्ष-किरण सोडतो. बिंदूकेंद्राच्या हिशेबाने या २पी–१एस संक्रमणाची ऊर्जा १६ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) आसपास हवी. शिसे-२०८ मध्ये ती ५.९६ आणि ५.७८ एमईव्ही अशा दोन रेषांत मिळते. या घसरणीतच त्रिज्या दडलेली आहे. १९५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिच आणि रेनवॉटर यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) हे मोजले, तेव्हा केंद्रे तोवरच्या समजुतीपेक्षा लहान निघाली.

प्रश्न : आमच्या वर्णपटात ५.९६ एमईव्हीच्या खाली ५.४५ आणि ४.९४ लाही शिखरे दिसतात. नमुन्यात भेसळ आहे का?

नाही. अंतर पाहा : बरोबर ५११ आणि १०२२ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट). किरण मोजणाऱ्या जर्मेनियम स्फटिकात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी तयार होते. पॉझिट्रॉन विरून निघालेल्या दोन गॅमा किरणांपैकी एक किंवा दोन्ही बाहेर निसटले की ही शिखरे उमटतात. ती वगळू नका, वर्णपटाच्या गणिती जुळणीत घ्या.

शिखरांची डावी बाजू ओघळलेली दिसत असेल, तर मात्र काळजी करा. म्युऑन केंद्रात शोषला गेला की न्यूट्रॉन उडतात आणि स्फटिकाची हानी करतात. उत्पादकाच्या सूचनेनुसार स्फटिक तापवून (साधारण १०० अंश सेल्सिअसला) तो सावरता येतो. ऊर्जामापनही ६ एमईव्हीपर्यंत तपासा. कोबाल्ट-६० च्या १.१७ आणि १.३३ एमईव्हीच्या रेषांवरून सरळ रेघ पुढे ओढणे धोक्याचे. नायट्रोजन-१६ ची ६१२९ केईव्ही रेषा उपयोगी पडते.

प्रश्न : रेडियमसारखे किरणोत्सारी द्रव्य मायक्रोग्रॅममध्येच मिळते. एवढ्याशा नमुन्यात म्युऑन थांबणार कसे?

थेट थांबत नाहीत. नेहमीच्या पद्धतीला निदान दहा-वीस मिलिग्रॅम लागतात. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत यावर झकास युक्ती निघाली. सुमारे १०० बार दाबाच्या हायड्रोजनमध्ये ०.२५ टक्के ड्युटेरियम (जड हायड्रोजन) मिसळायचे. म्युऑन आधी हायड्रोजनला चिकटतो, मग ड्युटेरियमकडे जातो आणि त्या उडीत म्युऑनी ड्युटेरियमला (म्युऑन धरलेल्या ड्युटेरियम अणूला) ४५ इलेक्ट्रॉनव्होल्टची गती मिळते. टकरा होत ही ऊर्जा काही इलेक्ट्रॉनव्होल्टवर आली, की हायड्रोजन त्याला जवळजवळ पारदर्शक होतो (रॅमसॉअर-टाउनसेंड परिणाम). मग तो भिंतीवरच्या नमुन्याच्या पातळ थरापर्यंत पोहोचतो आणि म्युऑन जड केंद्राच्या स्वाधीन होतो. सोन्याच्या ५ मायक्रोग्रॅम थरावर हे दाखवून झाले आहे. वायू मात्र अतिशुद्ध हवा. नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचा अंश राहिला, तर म्युऑन वाटेतच त्यांच्याकडे जातात.

प्रश्न : युरेनियम-२३८ मध्ये शिशासारख्या दोनच स्वच्छ रेषा का नाहीत?

हे केंद्र लांबट आहे आणि त्याची पहिली उद्दीपित (जास्त ऊर्जेची) पातळी फक्त ४५ केईव्हीवर. म्युऑनच्या दोन २पी पातळ्यांतली फट याहून मोठी, पण त्याच तोडीची. त्यामुळे म्युऑन खाली उतरताना केंद्रालाही उद्दीपित करतो, दोघांच्या अवस्था मिसळतात आणि रेषांचा गुच्छ तयार होतो. अशा वेळी एकेक शिखर सुटे जुळवण्यात अर्थ नाही. केंद्र आणि म्युऑन यांचे एकत्रित मॅट्रिक्स (त्यांच्या अवस्थांचे गणिती कोष्टक) सोडवून सगळा गुच्छ एकदम जुळवा. केवळ चतुर्ध्रुवी आघूर्ण (केंद्राच्या लांबटपणाचे माप) हवे असेल, तर ५जी–४एफसारख्या बाहेरच्या रेषा घ्या. तिथे त्रिज्येचा गोंधळ कमी.

प्रश्न : शिखराची ऊर्जा फार बारकाईने मोजता येते. मग त्रिज्येची अनिश्चितता येते कुठून?

बहुतेक गणितातून. म्युऑनच्या ओढीने केंद्र स्वतःच किंचित विकृत होते. या केंद्रीय ध्रुवणाची दुरुस्ती शिशाच्या १एस पातळीला काही केईव्हींची आहे, म्हणजे मापनातल्या त्रुटीपेक्षा पुष्कळ मोठी. शिवाय या रेषा थेट सरासरी वर्ग त्रिज्या (प्रभाराच्या पसाऱ्याचे नेहमीचे माप) देत नाहीत. त्यांतून बॅरेट आघूर्ण, म्हणजे प्रभाराच्या वाटपाची एक वेगळी भारित सरासरी मिळते. तिथून त्रिज्येवर यायला प्रभाराच्या वाटपाचे प्रारूप लागते आणि ते इलेक्ट्रॉन-प्रकीर्णनातून (केंद्रावर इलेक्ट्रॉन आदळवून केलेल्या मापनातून) घेतलेले बरे.

प्रश्न : यातून न्यूट्रॉनांची त्वचा (केंद्राच्या कडेचा न्यूट्रॉनांचा जादा थर) कळते का?

नाही. म्युऑनला इथे प्रभारच दिसतो आणि न्यूट्रॉनला प्रभार नसतो.