‘मायलो’ म्हणजे नेमकी कोणती मज्जा?

वैद्यकीय अहवालांचे टंकन किंवा भाषांतर नव्याने शिकणाऱ्यांनी उपसर्गांची यादी पाठ करताना प्रत्येकापुढे एकच अर्थ लिहून ठेवू नये, कारण काही उपसर्ग दोन अवयवांना लागू पडतात आणि तेथे चुकीचा अर्थ घेतला, तर अहवालाचा रोखच बदलतो. ‘मायलो’ हे मला याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण वाटते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मज्जा. ती हाडातली असू शकते, तशीच पाठीच्या कण्यातलीही. म्हणूनच ऑस्टिओमायलायटिस हा हाडाचा व त्यातील मज्जेचा जंतुसंसर्ग असतो, तर पोलिओमायलायटिसमध्ये विषाणू मज्जारज्जूतील करड्या भागावर आघात करतो. दोन्ही शब्दांचा शेवट मात्र अक्षरशः सारखा आहे. मायलोमा हा अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग, आणि मायलोग्राम ही मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून केलेली तपासणी. आपल्या ‘अस्थिमज्जा’ आणि ‘मज्जारज्जू’ या शब्दांतही हीच जोडी आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ती लक्षात ठेवणे सोपे जाते.

‘सिस्टो’ मूत्राशयालाही लागतो आणि पिशवीलाही. सिस्टायटिस हा मूत्राशयाचा दाह, पण आधी ‘कोले’ आले की तो पित्ताशयाचा. ‘सॅल्पिंगो’ बीजवाहिनीसाठी येतो, तसाच मध्यकर्ण आणि घसा जोडणाऱ्या नलिकेसाठीही. तेथे अहवाल स्त्रीरोग विभागाचा आहे की कान-नाक-घसा विभागाचा, हे आधी पाहावे. एवढे करूनही शंका उरली, तर अंदाजाने काही न लिहिता अहवाल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.